भाकरी मोजून, उसळ हवी तेवढी: पेठेतल्या एका मेसबद्दल

मेसला नाव नाही. नारायण पेठेत केळकर रस्त्यावरून आत वळलं की एका जुन्या वाड्याच्या जिन्यापाशी पत्र्याची पाटी आहे: 'घरगुती जेवण मिळेल. कुपन पद्धत. वर या.' सगळे 'काकूंची मेस' म्हणतात, पण पेठेत काकूंच्या मेस पंधरा तरी असतील. त्यामुळे पत्ता विचारताना भाकरीवाल्या काकू म्हणावं, म्हणजे कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला बरोबर जिना दाखवतो.

मी अप्पा बळवंत चौकात एका छापखान्यात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं जुळवायचं काम करतो. गाव बार्शी तालुक्यात, बायको-मुलं तिकडं, मी इथं कॉट बेसिसवर. खोलीवर गॅस किंवा शेगडी लावायला मालकाची मनाई, फक्त पाणी तापवायची किटली चालते. घरी पाठवायचे पैसे आणि भाडं वजा जाता खाण्यासाठी महिन्याला साडेचार हजार उरतात. त्यात गेल्या वर्षी रक्त तपासलं तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, जेवण सुधारा म्हणाले. दोन्ही वेळचं जेवण विकतचं असलेल्या माणसाने जेवण सुधारायचं म्हणजे मेस बदलायची. गेल्या वर्षी पावसाळा सुरू झाला तेव्हापासून मी इथे जेवतोय.

आधी दर, कारण तेच सगळे विचारतात. ३० कुपनांचं पुस्तक १८०० रुपयांना, मुदत ४५ दिवस. म्हणजे ताट ६० रुपयांना पडतं. कुपनाशिवाय एकदाच जेवायचं असेल तर ८० रुपये. खाड्याची, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करून घेण्याची भानगड नाही, हे मला फार आवडलं. महिन्याचे पैसे आगाऊ घेणाऱ्या मेसमध्ये सलग चार दिवस गावाला गेलात तरच खाडा धरतात, दोन दिवस गेलात तर ते जेवण बुडलं. इथे जेवलात तर कुपन फाटणार, नाही तर नाही.

ताटात एक ज्वारीची भाकरी आणि एक पोळी. भाकरी नको असेल तर तीन पोळ्या. भाताची एक मूद, उसळ किंवा घट्ट डाळीचा एखादा प्रकार, पालेभाजी नाही तर फळभाजी, आमटी, कांदा, लिंबाची फोड आणि शेंगाची चटणी. भाकरी, पोळी आणि भात मोजून. जास्तीच्या पोळीचे ८ रुपये, भाकरीचे १५, भाताच्या दुसऱ्या मुदीचे १०. उसळ आणि पालेभाजी मात्र कितीही वेळा मागा, पैसे नाहीत.

हा नियम वाचून नवीन पोरं वैतागतात. 'अनलिमिटेड नाही का?' असं विचारून काही जण जिन्यावरूनच परत जातात. पण अनलिमिटेड थाळीचं गणित एकदा मांडून बघा. गहू चाळीस रुपयांच्या आसपास किलो, पोळीला पीठ लागतं तीसेक ग्रॅम, म्हणजे पोळीतलं धान्य सव्वा रुपयाचं. तूरडाळ शंभराच्या खाली क्वचितच दिसते. मग मालक पोळ्या आणि भात वाढत राहतो आणि डाळीच्या वाटीत पाणी वाढवतो. गिऱ्हाईक तडस लागेपर्यंत जेवून खूश, मालकही खूश. साखर काठावर असलेल्या माणसाचं मात्र त्यात वाट्टोळं होतं. आठ पोळ्या आणि दोन वेळा भात खाऊन पोट भरलेलं असतं, आणि डाळ पोटात गेलेली असते जेमतेम मूठभर.

काकूंना मी विचारलं, तुम्ही उलटं का करता? त्यांना प्रथिनं वगैरे भाषा येत नाही असं नाही, मुलगी नर्स आहे त्यांची. पण उत्तर वेगळंच दिलं. "अहो भाऊ, ही पोरं दोन-दोन ताटं भात खातात आणि दुपारी अभ्यासिकेत डोकं टेकून झोपतात. परीक्षा बुडली की आईबाप फोन करून मलाच विचारतात, तुम्ही काय घालता खायला?"

त्यांच्याकडे एका वेळेला चाळीसेक पानं उठतात. मटकीच्या दिवशी एका वेळेसाठी भिजत किती घालता, असं विचारलं तर दोन किलो म्हणाल्या. म्हणजे माणशी ५० ग्रॅम कोरडी मटकी, आणि ती एकाच जेवणात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या २००० कॅलरीच्या नमुन्याच्या ताटात दिवसभरात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा त्याऐवजी अंडी, मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, तेलबिया आणि सुकामेवा ३५ ग्रॅम, आणि तेल-तूप अवघं २७ ग्रॅम आहे. ह्या मापाने बघितलं तर दोन्ही वेळ मिळून काकूंकडे डाळी-कडधान्यांचा हिशोब पुरा होतो, उलट थोडा वरच जातो. साठ रुपयांच्या ताटात हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

प्रथिनांचा अंदाजही मांडून पाहिला. माझं वजन ६२ किलो. किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलं तर दिवसाला साधारण ५२ ग्रॅम प्रथिनं लागतात. भाकरी आणि पोळी मिळून नऊ-दहा ग्रॅम, उसळीतून अकरा, आमटीतून तीनेक. एका जेवणात तेवीस-चोवीस झाली, दोन जेवणांत सेहेचाळीस-सत्तेचाळीस. उरलेली सकाळच्या खाण्यातून भागतात, त्याबद्दल पुढे सांगतो. भाकरी-पोळी आणि डाळ एकत्र खाण्याचा फायदा असा की धान्यात जे अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) कमी असतं, ते लायसिन, डाळीत भरपूर असतं. आपल्या आज्यांनी भाकरीबरोबर पिठलं दिलं ते काही पुस्तक वाचून दिलं नाही, पण जमून गेलं खरं.

आता भाकरी. ह्या बाबतीत बार्शीकडच्या माणसाला फसवणं अवघड. आमच्याकडे रब्बीची मालदांडी ज्वारी खातात. आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच जातकुळीची. काकू ज्वारी सोलापूरकडूनच मागवतात आणि दर तिसऱ्या दिवशी दळून आणतात. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना कडेने चिरते. मग ती चिरू नये म्हणून कणीक मिसळतात, आणि गिऱ्हाइकाला वाटतं भाकरी किती मऊ! इथे तसं होत नाही. करमाळ्याकडच्या एक मावशी भाकऱ्या थापतात. परातीत पीठ पसरून एका हाताने फिरवत, पातळ, कडेपर्यंत सारखी. पापुद्रा सुटतो. चूल नाही, गॅसच आहे, त्यामुळे चुलीची चव शोधू नका.

२०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि तेव्हापासून पुण्यातल्या हॉटेलांत भाकरीचा भाव वधारला. आता पंचवीस-तीस रुपयांना एक भाकरी लावतात, वर लोण्याचा गोळा ठेवून. डेक्कनच्या पलीकडे तर 'मिलेट बाऊल' नावाच्या वाडग्यात उकडलेली ज्वारी, काकडीच्या चार फोडी आणि डाळिंबाचे दाणे तीनशे रुपयांना मिळतात. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर खावं. मला त्या पैशात पाच ताटं पडतात, आणि त्यांत उसळही असते. काकूंसमोर हा विषय काढला की त्यांना बहात्तरचा दुष्काळ आठवतो. तेव्हा रेशनवर मिळणारी परदेशातली लाल मिलो ज्वारी, दुष्काळी कामावरची सुकडी. त्या वेळी ज्वारी खावी लागते म्हणून रडणारी माणसं आता ज्वारी परवडत नाही म्हणून गहू खातात, असं त्या म्हणतात आणि कढईकडे वळतात.

आठवड्याचा फळा भिंतीवर असतो, पण तो फारसा पाळला जात नाही. मंडईत काय स्वस्त आहे त्यावर ठरतं. मटकी, मूग, चवळी, मसूर, हरभरे आलटून पालटून येतात. मटकीला मोड चांगले वीतभर, हे मी वाढवून सांगतोय, पण अर्धा बोट नक्की. मोड आणल्याने कोरड्या कडधान्यात नसलेलं क जीवनसत्त्व थोडंफार तयार होतं. शिजवताना त्यातलं बरंच जातं, म्हणून ताटातली लिंबाची फोड टाकू नका. उसळीवर पिळली की त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. माझ्या शेजारी बसणारी पोरं ती फोड रोज तशीच ठेवून उठतात.

शुक्रवारी बहुतेक वेळा हुलगे असतात. कोकणातली माणसं कुळीथ म्हणतात ते. हुलग्याची उसळ आणि शिजवलेल्या पाण्याचं कळण, लसूण-जिऱ्याची फोडणी दिलेलं, वरून चिंचेचा कोळ. बाहेर कुठल्याही हॉटेलात हे मिळणार नाही, कारण हुलगा दिसायला काळपट आणि नावाने गरीब. इथेही निम्मी पोरं नाक मुरडतात, शुक्रवारी पानं कमी उठतात. मी मात्र शुक्रवार चुकवत नाही. सोलापूरकडचा डाळकांदाही महिन्यातून दोनदा तरी असतो, त्या दिवशी उशिरा जाऊ नका, भांडं खरवडलेलं सापडेल.

पालेभाजी ही ह्या मेसची खरी ताकद, आणि तिचाच सर्वांत मोठा चढउतारही. काका संध्याकाळी उशिरा महात्मा फुले मंडईत जातात. गाळे आवरायला लागले की पालेभाजीवाल्या बायका जुड्यांचा ढीग लावून भाव पाडतात. त्या वेळी ते पिशव्या भरून आणतात आणि रात्रीच निवडून ठेवतात. त्यामुळे भाजी दुसऱ्या दिवशीची असते, पण सुकलेली नसते. थंडीच्या दिवसांत मेथी, चाकवत, चुका, करडई, हरभऱ्याचा पाला. करडईची भाजी तर पुण्यातल्या लोकांना ओळखूही येत नाही, कोवळ्या करडईची मुगडाळ घालून केलेली भाजी मी शाळेत असताना खाल्ली त्यानंतर इथेच. अंबाडी ज्वारीच्या कण्या घालून करतात, वर लसणाची फोडणी. शेपू असला की अर्धी पोरं डाव पुढे सरकवतात, मग माझी चंगळ.

पावसाळ्यात मात्र चित्र वेगळं. पालेभाजीचा भाव चढतो, माती फार येते, जुड्या कुजक्या निघतात. त्या काळात आठवड्यातून दोन-तीनदाच हिरवं ताटात येतं, बाकीचे दिवस दुधी, दोडका, भोपळा, कोबी. दोडक्याच्या शिरांची चटणी करतात, ती बरी असते. श्रावण-भाद्रपदात इथलं ताट हिवाळ्याइतकं चांगलं नसतं आणि दर तोच असतो. पण ह्याला इलाज काय, साठ रुपयांत ऐंशी रुपयांची मेथी कुणी घालणार नाही.

आता ज्यावर काकूंचं आणि माझं दर महिन्याला बोलणं होतं तो विषय, तेल. त्यांच्याकडे १५ किलोचा डबा दहा दिवस पुरतो. दोन्ही वेळ मिळून दिवसाला ऐंशी ताटं धरली तर ताटाला एकोणीस ग्रॅमच्या आसपास तेल पडलं. दोन्ही वेळा जेवणाऱ्याच्या पोटात अडतीस. वर सांगितलेल्या नमुन्याच्या ताटात दिवसाचं तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे, म्हणजे हे दीडपटीच्या जवळ गेलं. शेंगाच्या चटणीतलं तेल वेगळं. हॉटेलांच्या मानाने हे फार नाही, पण 'घरगुती' म्हणून पाटी लावली की घराशीच तुलना होणार. काकूंचं म्हणणं, तेल कमी केलं की भाजीला चव नाही अशी ओरड होते आणि पोरं शेजारच्या मेसमध्ये जातात. त्यावर माझी तोड अशी, वाढतानाच सांगायचं, 'वरची तर्री नको, खालून द्या.' डाव तळापर्यंत घालून वाढतात, कुरकुर न करता. रविवारच्या फीस्टला मात्र तीही सोय नाही. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, मसालेभात, आणि शिरा किंवा जिलबी. मी रविवारी पुऱ्यांऐवजी पोळ्या मागून घेतो. आधी सांगितलं तर करून देतात, ऐनवेळी नाही. आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद.

मिठाचंही थोडं तसंच. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं म्हणतात. इथली आमटी बेताची असते, पण चटणी, लोणचं आणि शनिवारची तळलेली मिरची असं सगळं घेतलं तर ते माप ओलांडायला वेळ लागत नाही. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी लोणच्याची बरणी दुसऱ्या टोकाला सरकवावी.

दूध-दही ताटात नाही. दह्याची वाटी हवी तर १२ रुपये, आणि दही घरी विरजलेलं, कधी आंबट कधी गोड. ताक फक्त उन्हाळ्यात, ते फुकट. अंडं नाही, मेस शाकाहारी आहे. फळ नाही. जेवण झाल्या झाल्या काका दहा रुपयांना चहा विचारतात, आणि चहा चांगला असतो, आलं घातलेला. पण जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातलं लोह शोषलं जायला अडथळा येतो. पालेभाजी, हुलगे, भाकरी असं सगळं खाऊन वर लगेच चहा ओतायचा म्हणजे मिळवलेलं घालवायचं. मी छापखान्यात जाऊन तास-दीड तासाने घेतो. मुलींनी तर हे जास्तच लक्षात ठेवावं.

म्हणून ह्या मेसचं ताट एवढ्यावरच दिवस भागत नाही, सकाळचं आपलं आपल्याला बघावं लागतं. माझं असं: किटलीत दोन अंडी उकडायची, पंधरा-सोळा रुपये. मूठभर शेंगदाणे आणि फुटाणे, रविवार पेठेतल्या भुसार दुकानातून किलोने आणले की आठ रुपयांच्या आत. एक केळं किंवा पेरू. तीस रुपयांत नाष्टा होतो आणि वीसेक ग्रॅम प्रथिनं पोटात जातात. त्या तीस रुपयांत चौकात एक वडापाव आणि कटिंग येतो. वडापाव वाईट म्हणत नाही, मीच महिन्यातून एकदा खातो, पण त्यात मैद्याचा पाव, बटाटा आणि तळण एवढंच.

महिन्याचा हिशोब असा. चार रविवारची रात्र सोडून ५६ ताटं, ३३६० रुपये. नाष्टा ९०० रुपये. झाले ४२६०. उरलेल्या दोनशे चाळीस रुपयांत रविवारी रात्रीचं दूध, केळी आणि मुरमुरे. साडेचार हजारांत बसतं, पण मोकळं असं काही उरत नाही. मधेच पाहुणा आला किंवा मित्राबरोबर मिसळ खाल्ली की दह्याची वाटी बंद.

ह्याच पैशात दुसरं काय मिळतं तेही बघितलेलं आहे. कोथरूडकडून येणारे 'डाएट डबे' महिन्याला आठ-नऊ हजार मागतात. मोबाइलवरून मागवायचं तर जेवणापेक्षा पोहोचवण्याचा खर्च डोळ्यात भरतो. सरकारी योजनांपैकी १९९५ नंतरची एक रुपयाची झुणका-भाकर आमच्या पिढीने पाहिली. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली, दहा रुपयांना. तिचं माप ठरलेलं: ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. दहा रुपयांत गरम जेवण ही मोठी गोष्ट आहे, आणि ज्याच्या खिशात तेवढेच आहेत त्याला मी मेसचं कौतुक सांगणार नाही. पण मापाकडे बघितलं तर पुन्हा तेच, भात सगळ्यांत जास्त आणि डाळ म्हणजे शंभर ग्रॅम पातळ वरण. दिवसभर हातगाडी ओढणाऱ्याला ते अर्धं जेवण आहे. त्या वरणाच्या जागी वाटीभर घट्ट उसळ आली तर खर्च थोडा वाढेल, थाळी मात्र कुठल्या कुठे जाईल.

जागेबद्दल. जिना लाकडी, उभा आणि अंधारा, मधली एक पायरी हलते. गुडघे दुखत असतील तर डबा मागवा, येऊ नका. वर दोन खोल्या, लोखंडी टेबलं, बाकं. एका वेळी सोळा जण बसतात. दुपारी एक ते दीडमध्ये अभ्यासिकांतली सगळी गर्दी एकदम येते आणि जिन्यावर रांग लागते. साडेबाराला गेलात तर निवांत. अडीचनंतर गेलात तर भाकरी संपलेली असते, आणि खरं सांगायचं तर उसळीतही पाणी वाढलेलं असतं. संध्याकाळी साडेसातला जाणं चांगलं. रात्रीची उसळ बऱ्याचदा सकाळचीच असते, फोडणी आणि मसाला वाढवून. विचारलं तर काकू लपवत नाहीत, 'सकाळचीच आहे' म्हणतात. उन्हाळ्यात मात्र मी रात्री आमटी-पालेभाजीवर भागवतो, चवळीची उसळ उन्हात लवकर आंबते.

स्वयंपाकघर बसल्या जागेवरून दिसतं, हे मोठं समाधान. भिंतीवर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांकाचा कागद चौकटीत लावलेला आहे. भांडी मागच्या मोरीत घासतात, ताटं मात्र ओली येतात. त्याचा मला राग येतो, रुमालाने पुसून घेतो. पाणी फिल्टरचं आहे, पण हात धुवायला एकच नळ आणि साबण बहुतेक वेळा संपलेला.

पार्सलचा प्रकार अजिबात आवडत नाही. गरम आमटी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारून देतात. स्वतःचा डबा नेला तर त्यात भरून देतात, पाच रुपये कमी घेतात आणि उसळ जरा हात सोडून घालतात. स्टीलचा तीन पुडांचा डबा तुळशीबागेजवळ तीनशे-साडेतीनशेला मिळतो. रोज एक वेळ डबा नेणार असाल तर तो दोन-अडीच महिन्यांत फिटतो.

माझ्या साखरेचं विचाराल तर पुढच्या तपासणीत आकडा ५.८ आला. ह्यातलं किती मेसचं आणि किती रात्री भात सोडल्याचं, शिवाय जेवणानंतर ओंकारेश्वरापर्यंत चालून येण्याचं, ते मला वेगळं काढता येणार नाही. डॉक्टरांनाही आलं नाही. 'चालू ठेवा' म्हणाले.

कुणी इथे येऊ नये तेही सांगतो. ज्यांना रोज पनीर लागतं, ज्यांना ताटात आठ वाट्या दिसल्या नाहीत तर फसल्यासारखं वाटतं, आणि जे अंगमेहनतीचं काम करतात त्यांनी आधी दोन-चार वेळा सुटं जेवून बघावं. बांधकामावरच्या किंवा हमाली करणाऱ्या माणसाला एक भाकरी, एक पोळी पुरणार नाही. वरच्या भाकऱ्यांचे पैसे धरले तर त्याला ताट नव्वदला जाईल, मग बाकीच्या मेस त्याला जास्त सोयीच्या. बैठं काम करणारे, अभ्यास करणारे, रात्रपाळीच्या मुली, साखर किंवा वजन सांभाळणारे, ह्यांच्यासाठी पेठेत ह्या पैशात ह्याहून बरं मला तरी सापडलेलं नाही. पाचपैकी चार तारे. एक तारा तेलासाठी कापला, ओल्या ताटांसाठी अर्धा कापणार होतो पण शुक्रवारच्या हुलग्यांनी तो भरून काढला.

पुस्तक घेताना काकांकडून तारीख पेनाने लिहून घ्या. त्यांचा शिक्का पुसट उमटतो आणि ४५ दिवस मोजताना वाद होतो. दिवाळीत मेस बंद असते, तेवढे दिवस मुदत वाढवून देतात, पण ते आपण होऊन सांगत नाहीत, विचारावं लागतं. गुरुवारी बरीच पोरं उपवास करतात म्हणून त्या दिवशी भगर आणि दाण्याची आमटी होते आणि नेहमीचा स्वयंपाक कमी टाकतात. तुमचा उपवास नसेल तर बुधवारी रात्रीच सांगून ठेवा.